पोटावर बांधलेलं लुगडं

माझी पोरगी तव्हा दहा महिन्यांची होती आन् झोळीशिवाय तिला झोपच नव्हती. झोळी माझ्या आईच्या जुन्या लुगड्याची. जांभळं, सुती, धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं की हातात धरलं तरी धरल्यावानी वाटायचं नाय.

आम्हा दोघींना न्यूझीलंडला जायचं होतं, तिच्या बापाकडं. तो तिथं एका गोठ्यावर गायींच्या कामाला हाय. तीन विमानं, त्यातलं शेवटचं दहा तासांचं. मी नववीत शाळा सोडलेली, मुंबईसुद्धा बघितलेली नाय. विमान पडायचं भ्या नव्हतं मला. भ्या एकच, पोरगी वर गेल्यावर रडायला लागली अन् थांबलीच नाय तर? तिथं झोळी टांगू कशाला?

नणंद कापडाच्या दुकानात कामाला, तिला सगळं ठावं. मला क्रांती चौकात घेऊन गेली.

"वहिनी, साडी नका नेसू, पायात येती. ढिला कुर्ता घ्या, पुढून चैनचा, म्हंजी पाजायला सोपं. वरनं स्वेटर. अन् चप्पल एक नंबर मोठी, बसून बसून पाय सुजतेत."

"तू कव्हा बसलीस गं विमानात?"

"मोबाईलवर बघितलंय ना!"

घरी येऊन तिनं दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. मी एका खुर्चीत, मांडीवर पोरगी, पायाशी बॅग. नणंद ताट घेऊन समोर आली, "म्याडम, चाय?" आम्ही दोघी खदाखदा हसलो. पोरगी मात्र रडली. अशी रडली की शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली. शेवटी झोळीत टाकली तव्हा गप झाली, अन् मला हसूच येईना.

वर न्यायची बॅग सात किलोची, जास्त नाय. मी भरली: लंगोट, तीन झबले, भाजून दळलेलं डाळ-तांदळाचं पीठ, थर्मास, तापाचं औषध, कागदांची फाईल, पोरगी अंगावर वकली तर मला दुसरा कुर्ता. अन् सगळ्यात वर लुगडं. बॅग घेऊन पिठाच्या गिरणीवर गेले, तिथल्या काट्यावर ठेवली. गिरणीवाले काका म्हणले, "बाई, विमानात दळण न्यायलीस काय?" काटा सातच्या लई पुढं.

"लुगडं मोठ्या बॅगंत टाका," नणंद म्हणली. मोठी बॅग पोटात जाती विमानाच्या, ती एकदम तिकडंच भेटती. मी बॅग परत उघडली. कुर्ता काढला, एक झबलं काढलं, थर्मास काढला. लुगडं उचलायचं अन् परत तिथंच ठेवायचं.

जायच्या दिवशी सकाळीच फर्दापूरहून आई आली. ती लेणी बघायला येणाऱ्यांना पेरू विकती, त्यातलेच चार पेरू घेऊन आलती. बॅग बघितली, माझं तोंड बघितलं.

"अंगावरचं वजन करतेत का गं?"

"नाय."

"मंग उठ. हात वर कर."

बाळंतपणात तिनं असंच माझं पोट बांधलं होतं, सव्वा महिना, रोज न्हाल्यावर. तसंच तिनं लुगड्याचा एक पदर माझ्या पोटाला लावला, दुसरं टोक आपल्या हातात घट्ट धरून ती भिंतीपाशी गेली. "श्वास सोड. फिर आता." मी गोल गोल फिरत तिच्याकडं गेले. खोली फिरत होती, खिडकी, खुर्च्या, पेरू, नणंद, परत खिडकी. फिरत फिरत आईच्या हातापाशी पोचले तव्हा लुगडं सगळं संपलेलं. वरनं ढिला कुर्ता. कुणाला काय दिसतंय!

पण गाडीनं मुंबईला पोचलो, तिथं विमानतळावर तपासणारीच्या हाताला लागलं.

"ये क्या बांधा है?"

"साडी."

"साडी? अंदर?"

पडद्यामागं नेलं मला. पोरगी स्टुलावर बसवली, मी उलटं फिरत फिरत लुगडं सोडलं. तिनं सगळं चाचपून बघितलं. मला हिंदी धड येत नाय. म्हणलं, "इसके बगैर सोती नाय ये. वजन जादा होता था."

पोरीनं लुगड्याचा काठ मुठीत पकडून तोंडात घातलेला, तिकडं तपासणारी बघत राहिली. मंग काठ हळूच सोडवला अन् म्हणली, "हाथ ऊपर." टोक स्वतः धरलं. "घूमो."

मी परत फिरले. आईवानी घट्ट नाय बांधलं तिनं, पण बांधलं.

पहिल्या दोन विमानात पोरगी येणाऱ्या-जाणाऱ्याला बघण्यातच गुंग. तिसऱ्यात रडली. खिडक्या लावलेल्या, दिवस का रात्र ते कळंना. पाजलं, थोपटलं, उभं राहून हलवलं. माणसं वळून वळून बघायलेली. कुर्त्याखालून लुगडं ओढून काढलं, गळ्यात अडकवून तिला त्यात घेतलं. मऊ लागलं तशी जरा हुंदक्यावर आली, पण थांबंना. झोळी होती, झोका नव्हता.

अन् मंग विमान हलायला लागलं. पट्ट्याची लाईट लागली, विमानातली बाई पळत येऊन म्हणली बसा, बसा. मी बसले, पट्टा लावला, डोळे गच्च मिटले. खाली, वर, एका अंगाला, परत खाली. पुढं कुणीतरी देवाचं नाव घेतलं. अन् माझ्या पोटापाशी आवाज हळूहळू बारीक होत गेला. डोळे उघडून बघितलं तर काठ मुठीत, तोंड उघडं, ती झोपलेली.

बाळंतपणात माहेरी आई झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची अन् ज्वारी निवडत बसायची. अंगठा हलला की झोळी हलायची. मला वाटलं आत्ताबी ती तशीच बसलीय, ढगाच्या खाली, लई लांब, अन् दोरी तिच्याच अंगठ्याला हाय.

सगळं विमान भ्यालेलं. मी मात्र मनातल्या मनात म्हणत होते, आणखी थोडं. आणखी थोडं हलू दे.