फुकटचे शंभर पॉईंट

"फुकटाचं मी कुनाचं घेत न्हाई, आन घेतलंच तर मागं फिरत न्हाई."

हे वाक्य बन्सीनं घोडेगावच्या बाजारात, लिंबाखाली, दहा माणसांदेखत एका व्यापाऱ्याला ऐकवलं होतं. लोकांना ते आवडलं. पुढं ते त्याच्या नावाला चिकटलं. बोललेलं वाक्य माणसाला शोभतं, तसं ते त्याला बांधूनही ठेवतं, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्याच्याही नाही.

बन्सी जनावरांचा दलाल होता. दर शुक्रवारी खांद्यावर लाल रुमाल टाकून तो बाजारात उभा राहायचा. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा हात रुमालाखाली जातो आणि बोटं बोलतात. एक बोट दाबलं तर एक, सगळा पंजा धरला तर पाच. बाहेर उभ्या माणसाला दिसतो तो फक्त हलणारा रुमाल आणि दोन निर्विकार चेहरे.

बन्सीची खरी करामत मात्र रुमालात नव्हती, कासऱ्यात होती. गिऱ्हाईक घुटमळायला लागलं की तो गाईचा कासरा अलगद त्याच्या हातात द्यायचा.

"धरा की नुसता. तुमचं काय जातंय?"

कासरा हातात आला की माणसाची मूठ आपोआप वळते. चार माणसांत वळलेली मूठ उघडायची लाज वाटते. बन्सीचं पोट या लाजेवर चाललं होतं. वीस वर्षं.

अशा माणसानं शहाण्णव सालच्या पावसाळ्यात दलाली एकदम सोडली. त्याच बाजाराच्या कडेला पोतं अंथरून तो कासरे आणि वेसणी विकायला बसला. लोकांनी नाना तर्क केले. कुणी म्हणालं डोळे गेले, कुणी म्हणालं भावकीत बिनसलं. खरं कारण केडगावातल्या एका पडद्यामागं घडलं होतं, आणि त्याला दोन तासही लागले नव्हते.

जुलैतल्या एका शुक्रवारी भामाबाईनं आपली जर्सी गाय बाजारात आणली. भामाबाई बन्सीच्या गावातल्या बौद्धवस्तीतली. नवरा गेल्यापासून त्या गाईच्या दुधावर तिनं प्रज्ञाला बारावीपर्यंत शिकवलं होतं. आता प्रज्ञाचा नगरला नर्सिंगला नंबर लागला होता. फी आठ हजार. भरायची शेवटची मुदत शनिवार दुपारी एक.

"बन्सीभाऊ, आठाच्या खाली सोडू नका. आन वरचं मला नको."

"दलाली?"

"ती घ्या की तुमची."

"तुझ्याकडनं? तुझ्या पोरीनं उद्या मलाच सुई टोचायची हाय. आत्तापास्नं वैर कशाला?"

भामाबाई हसली. गाईच्या गळ्यातली घंटा सोडताना मात्र तिचे हात रेंगाळले.

गाय आठाला गेली. पाचशेच्या सोळा नोटा. बन्सीनं दलाली घेणाऱ्याकडून घेतली, शंभर रुपये. भामाबाईला दुसऱ्या दिवशी खुरपणीचा खाडा करता येत नव्हता. नोटा बन्सीनंच नगरला न्यायच्या ठरल्या. प्रज्ञा केडगावला मावशीकडं राहत होती, ती बारा वाजता केडगावच्या स्टॉपवर येणार होती. बन्सीनं त्या सोळा नोटा लाल रुमालात घातल्या, दोन गाठी मारल्या आणि गठुडं बंडीच्या आतल्या खिशात सरकवलं. भामाबाईनं मोजून बघितल्या नाहीत. बन्सीच्या रुमालातलं कुणी मोजत नसे.

त्याच बाजारात, बैलांच्या रांगेत, एक पोरगेलासा माणूस कागद वाटत फिरत होता. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. नाव संदीप. केडगावला नवं व्हिडिओ गेम पार्लर निघालं होतं, त्याची ही कुपनं. बन्सीनं हात मागं घेतला.

"आपल्याला नगं बाबा फुकटाचं."

"फुकट कुठं, मानाचं हाय काका. शंभर पॉईंट. एक पॉईंट म्हंजी एक रुपाया. नाव काय तुमचं?" त्यानं कुपनावर नाव लिहिलंसुद्धा. मग ते बन्सीच्या तळहातावर ठेवलं आणि बोटं वळवून मूठ मिटवून दिली. "आता हे तुमचंच. दुसऱ्याला चालायचं न्हाई."

"घेतलं गड्या बन्सीनं!" लिंबाखालून कुणीतरी ओरडलं. "आता मागं फिरतोय का बघू!"

हशा पिकला. बन्सीही हसला. पण कुपन त्यानं परत केलं नाही, खिशात घातलं. बाजाराच्या हिशेबानं हा विसार झाला होता. सौदा ठरल्याची खूण म्हणून हातावर ठेवलेली नोट, तसाच हा कागद. विसार घेऊन फिरला तो माणूस बाजारातून उठला, एवढा एकच कायदा बन्सीला ठाऊक होता. कुपन वाटणाऱ्याला तो कायदा ठाऊक असायची गरजच नव्हती.

शनिवारी साडेदहालाच तो केडगावला उतरला. आभाळ भरलेलं होतं, पण पडत नव्हतं. स्टॉपच्या समोर, पेट्रोल पंपाच्या अंगाला, निळा पडदा लावलेला गाळा होता. बारा वाजायला दीड तास होता. शंभर पॉईंट खेळून टाकायचे, हरले तर हरले, विसार फिटला. दहा मिनिटांचं काम. त्यानं दारात वहाणा काढल्या, देवळात काढाव्यात तशा, आणि पडदा सारला.

आत दिवस नव्हता. सहा-सात पेट्यांच्या काचा हिरव्या-निळ्या उजेडात तेवढ्या जाग्या होत्या. थंड फरशी तळव्यांना लागली. बाकी सगळे पायांत बूट-चपला घालून बसले होते, हे त्याला नंतर दिसलं.

"या बन्सीकाका!" संदीपला नाव आठवत होतं. त्यानं पेटीच्या कुशीत किल्ली फिरवली. काचेवर शंभराचा आकडा उभा राहिला. "पत्ते येत्यात, ठेवायचे ते ठेवा, बाकी टाका. जोडी जमली की वाढत्यात."

शेजारच्या पेटीवर भाऊसाहेब नावाचा एक जाडसर माणूस होता. साखर कारखान्यात कामाला. हंगाम संपल्यापासून तो रोज इथंच असे.

"पहिल्यांदा आलाय? मग जिंकणार तुमी," तो काचेवरची नजर न काढता म्हणाला. "पहिल्यांदा समदेच जिंकत्यात. मीबी जिंकल्तो."

आणि बन्सी जिंकला. शंभराचे दोनशे झाले, मग दोनशे ऐंशी, मग चारशे दहा. अकरा वाजले. त्याला बरं वाटलं. फुकटातले चारशे दहा उचलायचे, प्रज्ञाला वह्या-पुस्तकांना द्यायचे, विषय संपला.

"उचलतो," तो म्हणाला.

संदीपनं भिंतीवरच्या पाटीकडं बोट केलं. वर लाल मोठ्या अक्षरांत 'शंभर पॉईंट मोफत' होतं. खाली, मुंग्यांची रांग लागावी तसं काहीतरी लिहिलेलं होतं. "हे बोनसचं हाय काका. हजार झाल्याशिवाय पेमेंट न्हाई. आन बरोबरीनं आपले शंभर लावावे लागत्यात."

"हे काल न्हाई सांगितलंस."

"काल तुमी विचारलं न्हाई."

भाऊसाहेब खदखदून हसला. बन्सीला राग आला आणि रागाच्या खाली मानही वाटला. पोरगं तयार होतं. त्यानं दलालीची शंभराची नोट काढून दिली. ती आपली होती, गेली तर आपली जाणार होती. पाचशे दहा. मग पत्ते फिरले. साडेअकराला काचेवर चाळीस उरले होते.

इथं तो उठायला हवा होता. उठलाही होता, एक हात पेटीवर टेकून अर्धा उभा. तेवढ्यात संदीप जवळ आला आणि आवाज खाली आणून बोलला, रुमालाखाली बोलावं तसा.

"काका, जुन्या माणसाचं नुकसान बघवत न्हाई. पाचशे टाका, पाचशे बोनस देतो. हजार झाले का न्हाई? खेळायचीबी गरज न्हाई."

बन्सीनं मनातल्या मनात बोटं दाबून बघितली. एक पंजा आपला, एक पंजा त्याचा, हजार. हजार उचलायचे, पाचशे जागच्या जागी ठेवायचे, आपले शंभर सुटले, वर चारशे. सौदा स्वच्छ होता. वीस वर्षांत त्यानं यापेक्षा वाईट सौदे पार पाडले होते. छातीशी असलेलं गठुडं त्यानं बाहेर काढलं. दोन गाठी सोडायला वेळ लागला, कारण त्या त्यानंच मारल्या होत्या. सोळातली एक नोट निघाली. बाकीच्या पंधरांनी जागा बदलली, एवढंच.

आकडा झाला एक हजार चाळीस.

"दे आता."

"देतो की. पन हा नवा बोनस झाला ना काका. नव्या बोनसला दोन हजार. बघा, खाली लिहिलंय."

बन्सी पाटीकडं बघत राहिला. मुंग्या तशाच रांगेत होत्या. त्याला वाचता येत होतं. पण बाजारात कुणी लिहीत नसे, म्हणून लिहिलेलं वाचायची त्याला कधी गरज पडली नव्हती.

"आन उठलो तर?"

"उठा की. जबरदस्ती थोडीच हाय? पॉईंट तेवढे जळतील."

तो बसला. घड्याळात पावणेबारा झाले होते. आता तो आपल्यासाठी खेळत नव्हता. काचेत भामाबाईची एक नोट अडकली होती, गाय खड्ड्यात अडकावी तशी, आणि तिला ओढून काढल्याशिवाय दोरी सोडता येत नव्हती. सातशे. नऊशे वीस. सहाशे. बाहेर एखादी एसटी थांबली की पडदा हलायचा, पांढऱ्या उजेडाची पट्टी फरशीवर यायची आणि जायची. बारा वाजले. स्टॉपवर आता प्रज्ञा उभी असेल. पाच मिनिटं. तेराशे. अजून पाच. चौदाशे. पत्ते पडत होते आणि प्रत्येक पत्त्याबरोबर त्याला वाटत होतं की आता फक्त थोडंच राहिलं.

"पाहुनं रंगात आलं," भाऊसाहेब म्हणाला. "चहा सांगू का?"

बन्सीनं पुढचा पत्ता टाकला. सव्वाबाराला काचेवर सतराशे चाळीस होते. तिथून आकडा हलेना. दहा वर, दहा खाली.

संदीप पुन्हा जवळ आला. हसू तेच, पेनं तीच.

"दोनशे साठच तर कमी हायेत. अजून एक पाचशेची टाका, पाचशे बोनस. दोन हजार पार. हातातोंडाशी आलंय, सोडू नका काका."

बन्सीचा हात गठुड्यात गेला. बोटांना नोटेची कड लागली. त्यानं ती धरली.

"टाका की," संदीप म्हणाला. "तुमचं काय जातंय?"

बन्सीचा हात रुमालात थांबला.

हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. संदीपचा नव्हे. हा लिंबाखालचा आवाज होता, वीस वर्षांचे शुक्रवार ओलांडून आलेला. अलगद, मायेचा, घाई नसलेला. त्यानं खाली पाहिलं. लाल कापडात त्याची मूठ वळलेली होती, आणि या मुठीसारख्या किती मुठी त्यानं आपल्या हातानं वळवल्या होत्या, ते त्याला एकदम, एकामागं एक दिसायला लागलं.

"बन्सीमामा?"

पडदा बाजूला झाला होता. उजेडात प्रज्ञा उभी होती, छातीशी कागदांची पिशवी. "वहाणा बघितल्या तुमच्या. दारात एकच जोड होता. म्हटलं, तुमीच असणार." मग तिची नजर पेटीवरून, गठुड्यावरून फिरली. घड्याळाकडं पाहून ती एवढंच म्हणाली, "एकला खिडकी बंद होते, मामा."

बन्सीनं मूठ उघडली. नोट रुमालात पडली. तो उठला. गठुडं छातीशी धरून तो पडद्यापर्यंत आला.

"काका! सतराशे चाळीस सोडून?" संदीपचा आवाज पहिल्यांदाच चढला. "जळतील! मग म्हणू नका!"

"बसा वो," भाऊसाहेब म्हणाला. या वेळी तो हसला नाही. "कुनी उठत न्हाई असं."

बन्सीनं गठुडं प्रज्ञाच्या हातावर ठेवलं. पण हात काढून घेतला नाही. रुमालाचं मोकळं टोक त्यानं दोघांच्या हातांवर ओढलं आणि कापडाखाली तिचा पंजा सगळाच्या सगळा धरला. घट्ट. एकदाच.

लहानपणापासून आईबरोबर बाजारात गेलेल्या पोरीला ती भाषा शिकवावी लागत नव्हती. तिचा चेहराही बाजारातल्यासारखाच राहिला, निर्विकार. तिची बोटं मात्र त्याच्या हातात गार झाली.

"पाचशे?"

त्यानं मान डोलावली.

"पाचशे मावशी देईल," ती हळूच म्हणाली. पिशवीच्या बंदाला तिनं दोनदा पीळ दिला. "पळत गेले तर खिडकी गाठते. पन मामा, आईला काय सांगू?"

बन्सीनं तिच्याकडं बघितलं. कापडाखालचा हात सोडला. दलालीचा तो रुमाल तिच्याच हातात राहिला, त्यानं परत मागितला नाही. तो तिच्या बाजूनं उजेडात गेला, वहाणांत पाय सरकवले आणि पुणे रस्त्याच्या कडेनं चालू लागला.