रिकामी खुर्ची

आमच्या कॉलेजच्या वाचनालयात एका वकीलसाहेबांचं मोठं तैलचित्र आहे. ही इमारत त्यांनीच बांधून दिली. काळा कोट घालून ते उभे आहेत आणि शेजारची खुर्ची रिकामी आहे. दुपारचं ऊन चित्रावर आलं, की ते आत्ताच उठून उभे राहिलेत असं वाटतं.

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. वाचनालयात मी दाराजवळच्या बाकावरच बसते. कुणी उठवलं तर पटकन निघता यावं म्हणून.

परवा आई कॉलेज बघायला आली. मी म्हटलं, "बस ना."

चित्राकडे बघत ती कुजबुजली, "एवढा मोठा मानूस हुबा, आन् आपन बसायचं?"

"अगं, चित्र आहे ते!"

"कळतंय मला." ती बराच वेळ बघत राहिली. "पर खुर्ची असून हुबे का गं? कुनाला तरी बस म्हनत असतील."

वकीलसाहेबांच्या दारात अवघडून उभी राहिलेली कितीतरी माणसं मला दिसू लागली.

आई गेली. ऊन सरकत सरकत त्या खुर्चीवर येऊन बसलं. त्याला कुणी उठवलं नाही. मी बॅग उचलली आणि आत, अगदी चित्रासमोर जाऊन बसले.