करंगळी आणि उखाणा

आमच्या गिरणीच्या चाळीमागे सांगोल्याकडची एक म्हातारी राहायची. अबकारीच्या शिपायाचा डोळा चुकवून ती घरापुरती ज्वारीची दारू करायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. एका सकाळी मात्र हंडा घेऊन तिच्या दारात गेलो, कारण मी केलेल्या दारूची सुताला लावायची खळ झाली होती.

“उकळतं पानी वतलंस व्हय?” ती खदखदून हसली. “मोडाच्या ज्वारीचं पीठ हाय ते. चटका बसला की गोडी मरती!”

मग तिनं तापल्या पाण्यात करंगळी बुडवली आणि नव्या नवरीसारखी लाजत उखाणा घेतला. नवऱ्याचं नाव येईपर्यंत करंगळी आत राहिली.

“आता घाल पीठ. नावाआधी बोट काढावं लागलं, तर थांबायचं.”

घटकाभरानं तिनं मला चाखायला दिलं, तर अगदी गुळाचं पाणी! “आता गाळ. निवलं की मागल्या दारूच्या मडक्यातला बुडाचा साका घाल. दोन दिसांत फसफसतंय बघ.”

“मालक कुठं असतात?” मी विचारलं.

“जाऊन बारा वर्सं झाली की,” करंगळी पदराला पुसत ती म्हणाली. “पर पानी अजून त्यांच्याच नावानं बरोबर येतंय.”