उलटेकाका

मैदानाभोवतीच्या पायवाटेवर सकाळी सगळे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत. एक निवृत्त मुद्रितशोधक तेवढे काट्यांच्या उलट. म्हणून त्यांचं नाव पडलं उलटेकाका. माणूस मनाने सरळ, पण जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढून काढून जिभेला धार आलेली.

"काका, तुम्ही असे उलटे का हो फिरता?" दातांच्या डॉक्टरबाईंनी एकदा विचारलंच.

काकांना तेवढंच हवं होतं. "इंग्रजीत याला खास क्रियाविशेषण आहे, विडरशिन्स. मूळ जुन्या जर्मन बोलीतलं. 'विरुद्ध' आणि 'दिशा' असे दोन शब्द जोडलेले. पुढे स्कॉटलंडच्या लोकांना त्यातल्या शेवटच्या तुकड्यात 'सूर्य' दिसला. झालं, अर्थ ठरला सूर्य जातो त्याच्या उलट. तसं चाललं की वाटोळं होतं म्हणे!"

"आणि तरी चालता?"

"माझं व्हायचं ते होऊन गेलंय," काका हसले.

खरं कारण त्यांनी सांगितलंच नाही. त्याच वाटेवर त्यांचा थोरला भाऊ फिरायचा, सरळ बाजूने. नऊ वर्षांपूर्वी दादाने हौसेने एक पुस्तक छापलं आणि प्रकाशनाच्या दिवशीच या शहाण्याने चारचौघांत त्यातल्या चुका वाचून दाखवल्या. तेव्हापासून अबोला. पण उलटं चाललं की दर फेरीला दादा दोनदा समोरून यायचा. तो नजर फिरवायचा खरा, तरी चेहरा दिसायचा, तब्येत कशी आहे ते कळायचं. तेवढ्यावर काकांचा दिवस छान जायचा.

मग व्यवस्थापनाने पाटी लावली : 'सर्वांनी एकाच दिशेने चालावे.' पाटीत एकही चूक नव्हती, त्यामुळे काकांचा नाइलाज झाला. आठवडाभर ते मुकाट सरळ फिरले आणि त्यांना दिसली ती फक्त दादाची पाठ, तीही लांबून. जेवण गोड लागेना. पुढे होऊन हाक मारावी, तर दादाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं म्हणजे?

आठव्या दिवशी वळणावर शिट्टी वाजली. "आजोबा, पाटी वाचा की!" रखवालदार ओरडत होता. आणि सगळ्या गर्दीच्या विरुद्ध, एकेकाचं तोंड न्याहाळत, दादा येत होता. काकांना पाहून तो थांबला. त्याला धाप लागली होती.

"आठ दिवस होतास कुठे? माझ्या जिवाला घोर लागला ना रे!"

काका त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

"मागेच होतो, दादा."