पास्कू फोरमन, मी आणि दहिसरची नदी

माझं गाव कोकणात आहे, पण समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो मुंबईला आल्यावर. आमचं गाव पार सह्याद्रीच्या पायथ्याशी. तिथे मासा यायचा तो आठवडी बाजारातून, सुकलेला. पण मुंबईत हे कुणाला पटेल तर शपथ! कोकणातला म्हटलं की तुम्ही पाळण्यातच गळ टाकून बसलेले!

सातवीतून शाळा सोडून, काही वर्षं गावातच काढून मी दहिसरला मामाकडे आलो होतो. एकोणीस वर्षांचा घोडा, बेकार, दोन्ही वेळा मामीच्या हातचं जेवायचा आणि प्रत्येक घासाला मनात नमस्कार करायचा. (तिसऱ्या भाकरीला दोनदा!) मामा कांदिवलीला पंख्यांच्या एका कारखान्यात होता. तिथले फोरमन पास्कू अंकल, बोरिवलीच्या जुन्या गावठाणातले. त्यांची माणूस घ्यायची रीत न्यारी. अर्ज नाही, मुलाखत नाही. रविवारी नदीवर न्यायचं आणि हातात गळ द्यायचा. "दोन तास गळाच्या तरंगत्या बुचाकडे बघत गप बसला, तो मशीनपुढे टिकला," एवढंच त्यांचं शास्त्र.

"भाचा ना माझा? मासे त्याला नावानिशी ओळखतात!" मामाने त्यांना सांगून टाकलं.

माझी वाट लागली. "मामा, मी जिवंत मासा कधी हातात पण धरला नाही!"

"गप रे. मी बघतो काय ते."

मामाने काय बघितलं, ते मला कळलं रविवारी.

तेव्हा नदी नदीच होती. डोंगरातून येणारं पाणी इतकं नितळ, की तळाचे गोटे मोजावेत. काठावर बांबूची सावली, पाण्यावर चतुर, आणि मधोमध माझं बूच हलकेच डुलतंय. पास्कू अंकल वीस पावलांवर, टोपी डोळ्यांवर ओढून. मी दोरी सैल सोडत गेलो (‘सोडत राहा’ एवढंच मामाने बजावलं होतं; सोडायची नसते, हे मला कुठे ठाऊक!) आणि बूच वाहत वाहत वळणापलीकडे गेलं. मी आपला ते होतं तिथल्या पाण्याकडेच बघत राहिलो. पाण्यात मला खाकी कपडे दिसले, खिशात कारखान्याचा पास. गावी पोस्टमन अंगणात उभा राहून आईला माझं पत्र वाचून दाखवतोय. वर पंखे फिरतायत, गार वारा येतोय... मग मी फोरमन झालो. मग बहुधा घोरलो.

आणि दोरीला हिसका बसला!

"अंकल! लागला!"

"ओढ रे! सोडू नको!"

मी ओढतो, तर पलीकडूनही ओढ! पास्कू अंकल आपला गळ टाकून धावले, टोपी पाण्यात गेली. "मरळ असणार! मोठी! ढील दे... आता घे!"

मी सगळा जीव लावून घेतली. वळणापलीकडून "अगो बाये!" असा आवाज आला. (मरळ ओरडते की काय, असं मला क्षणभर वाटलं. यावरून माझं ज्ञान समजा!) दोरी एकदम सुटली, मी पाठीवर आणि मासा माझ्या छातीवर!

पास्कू अंकलनी तो उचलला. आडवा धरला, उभा धरला.

"हा बांगडा आहे."

"हो अंकल!"

"बांगडा समुद्रात असतो."

"आमच्याकडे नदीत पण येतो." नोकरी समोर दिसत होती हो!

त्यांनी मासा उलटला. पोट चिरून साफ केलेलं. अंगावर तिरक्या चिरा, आणि चिरांमध्ये हळद.

"आणि तुमच्याकडे तो हळद लावून येतो?"

"क... कधी कधी."

एवढ्यात वळणावरून गुडघाभर पाण्यातून मामी आली, काखेत धुण्याचे पिळे, पदर टरकावलेला. धुण्याच्या निमित्ताने मामाने तिला तिथे उभं केलं होतं, माझ्या गळाला मासा लावायला. गळ माशाबरोबर तिच्या पदरातही अडकला होता. मागून मामा, मान खाली घालून.

"अगो, साफ कित्याक केलंस?" मामा कळवळला.

"मगे? साफ केल्याशिवाय कसो देवचो?" मामी फणकारली.

पास्कू अंकलनी बांगडा नाकाशी नेला. "वहिनी, मीठ नाही लावलं?"

"लावलेलां! पाण्यात गेलां!"

अंकल हसले ते बांबूतले बगळे उडेपर्यंत. माझ्या डोळ्यांपुढे मात्र गावाकडची एसटी उभी होती, इंजिन चालू करून.

"ए पोऱ्या," शेवटी डोळे पुसत ते म्हणाले, "मासा तुला पकडता येत नाही, खोटं पण धड बोलता येत नाही. पण दोन तास गप बसलास, हे खरं. उद्या ये."

"मशीनवर?"

"मशीनवर? झोपेत हात घालशील! पॅकिंगला बस. तिथे माल तयार होऊनच हातात येतो."

मशीनवर बदली मिळावी म्हणून पुढे मी एकदा रीतसर अर्ज केला. अंकलनी तो दोन्ही बाजूंनी उलटून पाहिला आणि विचारलं, "अक्षर मामाचं ना रे?"

मी निवृत्त झालो तो पॅकिंगमधूनच!