आत्याबाईंची नियमावली

सरकारी नियम पाळताना माणसाला गरम गोळाभात खाल्ल्याचं सुख मिळू शकतं, हे माझ्या आतेसासूंना पाहिलं नसतं तर मी कधीच खरं मानलं नसतं. गोंदियाच्या कोर्टात उभा जन्म नोकरी करून त्या निवृत्त झाल्या आणि जवळच्याच गोरेगावला आमच्याकडे राहायला आल्या. मी तेव्हा नुकताच दवाखाना काढला होता; खाली दवाखाना, वर घर. थोडे दिवस त्यांनी आराम केला. मग एका सकाळी जिना उतरून त्या खाली आल्या, त्या आल्याच.

खासगी दवाखान्यात नोंदणीचं प्रमाणपत्र, दरपत्रक, रुग्णांच्या हक्कांची सनद असं सगळं दिसेल असं लावावं लागतं. मी लावलं होतंच. पण आत्याबाईंच्या मते मी फक्त खिळा ठोकला होता. बाजाराच्या दिवशी बाकावर बसलेल्यांना त्या ती सनद मोठ्यानं वाचून दाखवत. आधी मराठीत, मग हिंदीत, आणि एखादी पोवार म्हातारी दिसली तर पोवारीतही. काही दुखत नसलेले लोकही ऐकायला येऊन बसू लागले. कचऱ्याच्या पिवळ्या-लाल पिशव्यांची शिस्त त्यांनी वर स्वयंपाकघरात नेली. माझा नवरा दाढीचं पातं हातात धरून, हे कुठल्या रंगात टाकू, असं विचारत घरभर फिरे. दवाखान्याच्या तपासणीला आलेल्या सरकारी साहेबांकडे त्यांनी आधी ओळखपत्र मागितलं, चष्मा लावून फोटो आणि चेहरा ताडून पाहिला, आणि मगच चहा दिला. अशी एखादी बाई आमच्या ऑफिसातही हवी होती, असं साहेब जाताना मला हळूच म्हणाले.

नागपूरच्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम आमच्या पेशंटना व्हिडिओवर तपासू लागल्या, तेव्हा तर आत्याबाईंना नवं कोर्टच मिळालं. डॉक्टरांनी नाव आणि नोंदणी क्रमांक सांगायचा, पेशंटनं आपण कोण ते सांगायचं आणि स्वतःच्या तोंडानं हो म्हणायचं, हे झाल्याशिवाय काम पुढे सरकत नसे. मॅडम बिचाऱ्या दर वेळी शाळेतल्या मुलीसारखा क्रमांक म्हणून दाखवत. एवढं झालं की आत्याबाई स्वतःच बाहेर निघून जात. पेशंटचं बोलणं त्यांनी ऐकायचं नाही, हाही नियमच होता.

एकदा चिचगडहून एक जोडपं आलं. बाईला थकवा होता, असं नवरा म्हणाला. ताकदीची गोळी द्या, असंही तोच म्हणाला. व्हिडिओ लागला, आत्याबाईंनी बाईला संमती विचारली आणि उत्तर पुन्हा नवऱ्यानंच दिलं.

"तिले काऊन बोलू देत नाहीस?" आत्याबाई म्हणाल्या. "पेशंट ती आहे. चल, आपण दोघं बाहेर बसू."

त्याला घेऊन त्या बाहेर गेल्या. दार लागलं. बाई पडद्याकडे न बघता म्हणाली, "मले छातीत गाठ होऊन राहिली हाय. घरी कोणाले सांगतलं नाही."

मी तपासलं. मॅडमनी तिला लगेच नागपूरला बोलावून घेतलं. तिला विचारूनच मी बाहेर नवऱ्याला सांगितलं. आत्याबाईंनी त्याला पाणी दिलं. पुढे तोच तिला घेऊन गेला, ऑपरेशनच्या वेळी तोच बसून राहिला. गाठ वेळेत सापडली होती. ती वाचली.

आता आत्याबाईंना ऐकू कमी येतं आणि माणसंही नीट आठवत नाहीत. जिना त्यांना उतरवत नाही. ती बाई मात्र अधूनमधून चारोळीची पुडी घेऊन येते, वर जाते आणि त्यांच्या डोक्याला तेल लावून देते. कोण गावची, असं आत्याबाई दर वेळी विचारतात. ती न कंटाळता चिचगडची म्हणून सांगते.

परवा ती गेल्यावर मी त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही होतात म्हणून बरं झालं."

त्यांना ऐकू गेलं की नाही, कळलं नाही. त्यांनी माझा हात ओढून घेतला, तळव्यावर थोडी चारोळी ठेवली आणि मी खाते की नाही हे बघत राहिल्या.