सॅमसनकाकांचा मेल चहा होईपर्यंत थांबतो

रोह्याच्या एसटी स्टँडसमोरच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज, पॅन कार्ड, लाइट बिल, रिझर्वेशन, म्हणाल ते. 'किमयाचा हात भराभर चालतो आणि तोंड त्याहून भराभर,' असं गिऱ्हाइकं म्हणतात. म्हणू देत बापडी. समोरचा माणूस 'बघू, करू, थांबा जरा' करायला लागला की माझं डोकं फिरतं. आणि नेमके माझ्याच नशिबी सॅमसनकाका आले.

सॅमसन अष्टमकर. आमच्याकडे इस्रायली, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेल्या ज्यू लोकांची आता बोटांवर मोजण्याइतकी घरं उरलीत, त्यातलं एक त्यांचं. बाकीचे कोणी इस्रायलला गेले, कोणी ठाण्या-पनवेलला. काका पेणकडच्या एका कंपनीत टाइमकीपर होते. कोण कुठल्या शिफ्टला आला, कधी गेला, याची हजेरी लावण्यात त्यांचा जन्म गेला. आता रिटायर. सिनेगॉगची, म्हणजे त्यांच्या प्रार्थनामंदिराची चावी त्यांच्याकडे असते, झाडलोटही तेच करतात. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात बटणांचा फोन. मेल पाठवायचा असला की माझ्या दुकानात येतात.

मजकूर सांगतात अगदी शिस्तीत. मी टाइप करते आणि पाठवायला बोट पुढे नेते, की काकांचं ठरलेलं, "आता नाय गो. चहा होईपर्यंत थांबव."

पहिल्यांदा मला वाटलं, चेष्टा करतायत. मेल म्हणजे काय गॅसवरचं दूध आहे, थांबव म्हणायला? पण मेलला पुढची वेळ लावून ठेवायची सोय असते. लावलेल्या वेळेपर्यंत तो आपला पडून राहतो, मग आपोआप जातो. ती सोय मी काकांना दाखवली आणि पस्तावले, कारण तेव्हापासून त्यांचा एकही मेल सरळ गेला नाही. अर्ध्या तासानंतरची वेळ लावायची, टपरीवरून दोन चहा मागवायचे, आणि मग काकांनी चष्मा पुसून सगळं पहिल्यापासून वाचायचं. कधी एखादा शब्द बदलायचा, बहुतेक वेळा तेवढंही नाही.

"काका, पाठवल्यावर पण अर्धं मिनिट मागे घेता येतो," मी एकदा सांगून बघितलं.

"अर्ध्या मिनटात माझा चष्मा पण पुसून होत नाय."

"मग व्हॉट्सअॅप घ्या ना सरळ."

"त्यात तर विचार करायच्या आधी जातं सगळं," असं म्हणून काका चहात बिस्किट बुडवायला लागले.

मला ह्या माणसाचं कोडंच पडलं होतं. घाबरट म्हणावं तर तसे नाहीत. एकदा गल्लीत दोन रिक्षावाले हमरीतुमरीवर आले, तर हे मधे जाऊन उभे राहिले होते. इंग्रजी कच्चं म्हणावं तर माझंच त्यांनी चारदा सुधारलंय. मग थांबवायचं कशाला? विचारलं की एकच उत्तर, "सवय हाय." असल्या उत्तराने माझं समाधान होतंय थोडंच.

बरं, थांबवण्याचा उपयोग मला दिसत नव्हता असंही नाही. धाटावचा प्रणित माझ्याच दुकानात बसून नोकरीचा अर्ज पाठवत होता. घाईघाईत त्याने अर्जाला बायोडाटा म्हणून बहिणीच्या साखरपुड्याच्या जेवणाची यादी जोडली आणि दिला पाठवून. कंपनीच्या साहेबांना अर्जाबरोबर सोलकढी, कोंबडीवडे आणि मोदक पोचले. प्रणित कपाळाला हात लावून बसला. काका कोपऱ्यात चहा पीत होते. मला वाटलं, आता 'बघितलंस?' म्हणतील. पण ते नुसते कपाकडे बघत होते, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

ह्या सगळ्याच्या मागे काय आहे ते मला यंदाच्या पावसाळ्यानंतर समजलं, नाओमीकाकूंच्या वर्षाच्या वेळी.

नाओमीकाकू म्हणजे काकांची बायको. त्या गेल्या तेव्हा मी नुकतंच दुकान टाकलं होतं, त्यामुळे फारशी ओळख झाली नाही. त्यांच्या तिथीला सिनेगॉगमध्ये कद्दीश म्हणायची असते. गेलेल्या माणसाच्या नावाने म्हणतात ती प्रार्थना. पण ती एकट्याने म्हणता येत नाही, दहा मोठे पुरुष हजर लागतात. गेल्या वर्षी नऊच जमले होते. दहावे गृहस्थ आजारी पडले, ऐन वेळी दुसरं कोणी मिळालं नाही, आणि नाओमीकाकूंची कद्दीश राहून गेली. काकांनी दारं लावली, दिवे मालवले आणि केलेला मलिदा शेजारीपाजारी वाटून टाकला. माझ्याकडेही डबा आला होता. गोड पोह्यांत खोबरं घातलेलं, वर केळ्याचे काप. मी चवीने खाल्लं आणि वर विचारलं, "काका, आज काय विशेष?" तेव्हा त्यांनी हे सांगितलं, आणि मी डबा झाकून बाजूला ठेवला.

यंदा त्यांनी चंगच बांधला होता. पेणचे एलियाह, अलिबागचे, पनवेलचे, ठाण्याचे, एकेकाला फोन करून नऊ जणांचा होकार मिळवला. दहावे स्वतः. पक्का दिवस आणि वेळ मेलने कळवतो, असं सगळ्यांना सांगितलं आणि माझ्याकडे आले. त्यांच्या पंचांगात तिथी गुरुवारी येत होती. काकांनी मजकूर सांगितला, 'गुरुवारी संध्याकाळी, दिवस मावळल्यावर, रोह्याच्या सिनेगॉगमध्ये. कृपया उशीर करू नये.' मी नऊ पत्ते टाकले, अर्ध्या तासाची वेळ लावली आणि चहा सांगितला.

दुकानात दुसरं कोणी नव्हतं. काका चष्मा पुसत होते. मला गप्प बसवत नाही, म्हणून मनात कधीपासून असलेलं विचारलं. दर शुक्रवारी उन्हं कलली की काका लगबगीने घरी जायचे. 'शनिवार लागेल' म्हणायचे.

"काका, तुमचा शनिवार शुक्रवारीच कसा लागतो हो?"

"आमचा दिवस मावळतीला सुरू होतो. आधी रात्र, मग दिवस."

"फक्त शनिवारच तसा?"

"सगळेच वार तसे."

"म्हणजे तुमचा गुरुवार पण बुधवारी संध्याकाळी लागतो?"

"लागतो की," काका म्हणाले आणि कप तोंडाकडे नेता नेता थांबले. मग त्यांनी कप खाली ठेवला. स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत स्क्रीनकडे बघितलं. चेहरा पांढराफटक.

"किमया, तो मेल गेला काय गो?"

"नाय. अजून वेळ आहे."

"काढ. आधी काढ तो."

मी लावलेली वेळ काढून टाकली तेव्हा काकांनी श्वास सोडला. झालं होतं असं, की त्यांचा गुरुवार बुधवारच्या संध्याकाळी लागून गुरुवारच्या संध्याकाळी संपत होता. गुरुवारी दिवस मावळल्यावर जमले असते, तर नाओमीकाकूंची तिथी उलटून गेलेली असती. नऊ माणसं लांबून येऊन बसली असती, चुकीच्या रात्री. दुसऱ्यांदा ती सगळी कुठून जमायची?

"तुमच्या हातून हे चुकलं कसं काका?" मी विचारलंच. मला राहवत नाही.

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "कंपनीत गुरुवारची नाइट म्हणजे गुरुवारी रात्री चढणारी. माणूस शुक्रवारी उजाडल्यावर घरी जायचा, तरी हजेरी गुरुवारचीच. तिथं रात्र मागच्या दिवसाची, आमच्याकडं पुढच्या दिवसाची. अख्खी नोकरी मी रात्र मागच्या दिवसाला लावत आलो. घरात ते आठवणीत ठेवायला नाओमी होती."

मग ते आपणहून बोलायला लागले. तरुणपणी काका भयंकर तापट होते, हे ऐकून मी उडालेच. कंपनीत जरा काही खुपलं की घरी येऊन रागारागाने तक्रारीचा अर्ज लिहायचे. नाओमीकाकू तो कागद काढून घ्यायच्या, त्यावर पोळपाट ठेवायच्या आणि चहा टाकायच्या. चहा होईपर्यंत नुसते प्रश्न. साहेब नक्की काय म्हणाला? कोणासमोर म्हणाला? तू त्याच्या जागी असतास तर? चहा संपेस्तोवर निम्म्या अर्जांत काही दम उरायचा नाही.

"ती अशीच विचारायची. तुझ्यासारखी, खोदून खोदून," काका म्हणाले. "ती गेल्यावर विचारणारं कोण हाय घरात? म्हणून थांबवतो. निदान चहापुरता तरी."

मी मान खाली घालून 'गुरुवारी'च्या जागी 'बुधवारी' टाइप केलं. डोळे भरून आले होते आणि ते काकांना दाखवायचे नव्हते. पुन्हा अर्ध्या तासाची वेळ मी न सांगता लावली.

बुधवारी मी दुकान लवकर बंद करून सिनेगॉगमध्ये गेले आणि बायकांच्या बाजूला बसले. दिवस मावळला तेव्हा आठ जण आले होते, काका धरून नऊ. पेणचे एलियाह यायचे होते. त्यांचा फोन आला की हायवेवर खांब गावाजवळ गाड्या तुंबल्यात. पुन्हा नऊ. काका दारात उभे होते आणि रस्त्याकडे बघत होते. मी मनातल्या मनात हायवेला, गाड्यांना आणि एलियाहांनाही शिव्या घालत होते. शेवटी रिक्षा थांबली. एलियाह पायऱ्या चढताना धापा टाकत होते, काकांनी त्यांचा हात धरला आणि आत नेलं. मग दहा जणांच्या आवाजात प्रार्थना सुरू झाली. मला शब्द कळत नव्हते, पण पुढे एका ठिकाणी 'नाओमी' ऐकू आलं आणि माझ्या अंगावर काटा आला.

रविवारी काका दुकानात आले. सगळ्यांना आभाराचा मेल पाठवायचा होता. चारच ओळी होत्या. त्यात चुकण्यासारखं काही नव्हतं, तरी मी वेळ लावली आणि टपरीवाल्याला हाक मारली.

चहा आला. काकांनी चष्मा पुसला, पण वाचायला घेतलं नाही. कप हातात धरून म्हणाले, "विचार की काहीतरी."

मी जरा विचार केला. "काकू हसायच्या कशा?"

"हसताना आवाज नाय यायचा तिचा," काका म्हणाले. "खांदे हलायचे नुसते. आणि मी अर्ज वाचून दाखवायला लागलो, की पोळपाट तोंडापुढं धरायची." त्यांनी माझी फाइल उचलून तोंडासमोर धरून दाखवली, आणि त्यांचे स्वतःचेच खांदे हलायला लागले. मग कुठला अर्ज, कुठला साहेब, काकू कशाला हसल्या, एकातून एक निघत गेलं. मी विचारत होते, काका सांगत होते.

मेल मधेच कधीतरी निघून गेला. आमचं दोघांचंही लक्ष नव्हतं.